सातव्या अंकाचा पिनकोड

ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. घरगुती साबण, मातीचे दागिने, गोधड्या, आणि जिन्याखालच्या टेबलावर मी, माझी कॉमिक्स मांडून. रविवारी दुपारी तिथे येणारी निम्मी माणसं तळ्याला फेरी मारून दमलेली असतात आणि नुसती पंख्याखाली उभं राहायला आत येतात. त्यांतलेच एक काका. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातातल्या कापडी पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. त्यांनी 'तांडेल'चा सातवा अंक उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, अंक नाकाजवळ नेला आणि मुखपृष्ठ वगैरे सोडून थेट शेवटच्या पानाच्या तळाशी गेले. तिथे प्रकाशकाचा पत्ता असतो. तिथे एरवी कुणीही जात नाही.

"नोव्हेंबर १९६७ म्हणता, आणि पत्त्यात ४०० ६०१?"

मला काही कळेना. माझा चेहरा बघून त्यांनीच खुलासा केला. "अहो, पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत सॉर्टर होतो, चाळीस वर्षं. सदुसष्टला ठाण्याला नुसतं 'ठाणे' लिहायचे. आकडे होते ते मुंबईला. गिरगाव, मुंबई नं. ४. दादर म्हणजे २८. त्याच चाराचं पुढे ४०० ००४ झालं, अठ्ठावीसाचं ४०० ०२८." मी जीभ चावली. चोरी पकडली गेली होती आणि पकडणारा माणूस इतका प्रसन्न होता की आता हसून सगळं कबूल करावं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात ते पानं उलटत मधल्या पानावर आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पण अंक छान ठेवलाय हो. आठव्यात कळतं ना, की तो दिवा त्याच्या आईचाच असतो."

आठवा अंक नाही. कधी निघालाच नाही. खरं तर सातवाही कधी निघाला नव्हता. तो मी गेल्या पावसाळ्यात आमच्या कोलशेतच्या फ्लॅटमधल्या बेडरूममध्ये बसून काढला.

'तांडेल' ही माझी थाप आहे. चेंदणीच्या बंदरावरून रात्री होडी काढणारा, गलबतावरच्या तांडेलाचा अनाथ पोरगा, खाडीतले स्मगलर पकडतो. १९६६-६७मध्ये त्याचे सात अंक निघाले, मग प्रकाशक बुडाला आणि आठवा राहून गेला, असं मी ठरवलंय. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'ही मालिका, तिचा प्रकाशक आणि तिचा काळ काल्पनिक आहे' असं छापलेलं असतं. पत्त्याच्या बरोब्बर खाली. म्हणजे काकांनी ते वाचलेलं असणारच. नाकाजवळ धरूनही पिनकोड वाचता येतो आणि त्याखालची ओळ वाचता येत नाही, असं कसं होईल? पण ज्या सहजपणे ते 'आठव्यात' म्हणाले, तो सहजपणा महिना झाला तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा जन्म १९८५चा. साठचं दशक मी पाहिलेलं नाही, माझी त्याबद्दलची ओढ पूर्णपणे उसनी आहे. ती मामाची. नौपाड्यात मामाकडे माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्सचे खंड होते, बाइंडरकडून रेक्झिनमध्ये बांधून घेतलेले, चॉकलेटी रंगाचे, कण्यावर सोनेरी आकडे. मे महिन्यात दुपारी शिडी लावून ते खाली काढायचे, फडक्याने पुसायचे, आणि गार फरशीवर पोटावर पडून वाचायचे. इंद्रजाल १९६४ला सुरू झालं आणि १९९०ला बंद पडलं. मी वाचायला लागले तोवर ते सगळं संपलेलं होतं. मामा ज्या अंकांची एकेक करून वाट बघायचा, ते सगळे अंक माझ्यापुढे एकदम, शिवून, पुढे-मागे काही शिल्लक न ठेवता आले होते. वाट बघण्याचा भाग मला मिळालाच नाही. बहुधा म्हणूनच मी असं कॉमिक रचलं की ज्याचा शेवटचा अंक येतच नाही. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त आळस केला होता, आठव्याची गोष्ट सुचत नव्हती.

इंद्रजालमधला वेताळ, म्हणजे फँटम, राहायचा ते डेंकालीचं जंगल मी शाळेच्या नकाशात शोधलं होतं. आफ्रिकेत नाही सापडलं म्हणून आशियात, तिथेही नाही म्हणून शेवटी आसामात. खूप वर्षांनी कळलं की मूळ इंग्रजी मालिकेत त्या देशाचं नाव बंगालीसारखं होतं, ते इथल्या वाचकांना खटकेल म्हणून इथल्या संपादकांनी त्याचं डेंकाली केलं. आणि तिथले समुद्री चाचे 'सिंग' होते, त्यांचे 'सिंगा' झाले. ते वाचून मी खट्टू होईन असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. मुंबईत एखाद्या टेबलावर, चहाचा कप बाजूला सारून, कुणीतरी पगारी माणसाने डेंकाली हा शब्द जुळवला असेल. त्या माणसाने एक देश बनवला आणि मी तो नकाशात शोधला. त्याचं नाव कुठे छापून आलेलं नाही. मला वाटतं मी त्या माणसाची नोकरी करते, बिनपगारी.

आणि अजून एक खुपायचं. मामाच्या त्या खंडांतला एकही नायक आपला नव्हता. वेताळ मराठी बोलायचा, शुद्ध बोलायचा, पण भाषांतर होऊन आलेला. त्याच्या जंगलात भरती-ओहोटी नव्हती, खारफुटीचा वास नव्हता, ओहोटीच्या चिखलातून पाय काढताना होणारा तो 'पच्च' आवाज नव्हता. आवाजांच्या चित्राक्षरांत मी पहिलं काय काढलं असेल तर ते 'पच्च'. अजून मला माझ्या सगळ्या कामात तेच सगळ्यात जास्त आवडतं.

खोटं जुनं करण्यात किती कष्ट असतात हे सांगितलं तर लोक हसतात. रेषा मी होल्डर-निबनेच काढते, कॅम्लिनच्या काळ्या वॉटरप्रूफ शाईत, कारण स्टायलसने काढलेल्या रेषेला श्वास लागत नाही. मग स्कॅन, मग रंग. रंगांचे ठिपके त्यांच्या त्यांच्या कोनात बसवायचे, काळा ४५ अंशांवर, मॅजेंटा ७५, सायन १५, पिवळा शून्यावर, नाहीतर ठिपके एकमेकांवर चढून चौकडीचं कापड दिसायला लागतं. त्यानंतरची खरी गंमत म्हणजे ते बिघडवायचं. जुन्या छपाईत लाल रंग ओठांच्या जरा बाहेर सांडलेला असतो, आकाशाचा निळा होडीच्या कडेला पांढरी फट सोडून जातो. मी पहिल्या अंकात मॅजेंटा अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकवला होता. तीन दिवस त्यात घालवले. वागळे इस्टेटमधल्या ज्या प्रेसमध्ये छापायला दिलं तिथला ऑपरेटर भला माणूस. गठ्ठे घ्यायला गेले तर म्हणाला, "मॅडम, तुमच्या फायलीत रजिस्ट्रेशन आऊट होतं. मी प्लेट काढायच्या आधी सगळं बसवून घेतलं. त्याचे पैसे नाही लावले." २५० प्रती. एकूण एक ओठ आपापल्या जागी. मी त्याला थँक्यू म्हणाले आणि रिक्षात बसून रडावं की हसावं ते ठरवत घरी आले. आता तो मला ओळखतो. फाईल दिली की विचारतो, "यावेळी किती आऊट ठेवायचं?"

कागद ४५ जीएसएमचा न्यूजप्रिंट. तो आपणहून पिवळा पडतो, लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं ते उजेडाने आणि हवेने काळवंडतं म्हणून. पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ हीच तर माझ्याकडे नसलेली गोष्ट. सुरुवातीला चहाच्या पाण्याचा बोळा फिरवून पाहिला. सगळं पान सारखं तांबूस झालं, जणू काही बस्करवर चहा सांडलाय. खरा जुना कागद असा नसतो. तो कडांकडून आत पिकत जातो, मधे बराच काळ उजळ राहतो. मग मी गच्चीवर गठ्ठे उभे रचून, वर वीट ठेवून, उन्हात कडा भाजायला लागले. मार्च ते मे. सोसायटीतल्या एका काकूंना वाटलं मी कुरडया घालतेय. सेंटर पिनवर मात्र युक्ती सापडली: मिठाच्या पाण्याचा एक थेंब, काडीने, दोन्ही पिनांवर. आठ दिवसांत गंज कागदात उतरतो आणि पिनेच्या दोन्ही टोकांना तांबूस पिसासारखा डाग उमटतो. तो डाग बघून माझ्या मामाने, ज्याला सगळं माहीत आहे त्याने, अंक हुंगला होता.

शुद्धलेखन आईकडे. ती शाळेत मराठी शिकवायची. पहिल्या अंकात मी हौसेने 'कांहीं', 'नाहीं', 'होडींत' असे अनुस्वार पेरले होते. तिने लाल पेनने गोल केले. "बासष्टच्या नियमांनी गेले ना हे." मी म्हटलं, अगं, छापखान्यातला म्हातारा कंपॉझिटर सवयीने लावत असेल. ती विचारात पडली. मग म्हणाली, "मग सगळीकडे नको लावू. थकला की लावेल. पानाच्या शेवटी शेवटी." तेव्हापासून 'तांडेल'मधले अनुस्वार पानाच्या खालच्या चौकटींत येतात. हा माझ्या मते जगातला सगळ्यात बारीक विनोद आहे आणि तो आम्हा दोघींशिवाय कुणालाही कळलेला नाही. दुसऱ्या अंकात मी तळ्याकाठी मागे गडकरी रंगायतनची इमारत काढली होती. आईने एक नजर टाकून सांगितलं, "हे अठ्ठ्याहत्तरचं." खोडरबर. त्यानंतर मी सावध झाले. तिसऱ्या अंकातले चोर पारसिकच्या बोगद्यात लपतात. बोगदा १९१६पासून तिथेच आहे, तिथे चूक होण्याची भीती नाही.

एवढं करून पिनकोड राहिला. सवयीने टाइप केला असणार, कुरिअरच्या पाकिटावर करते तसा.

जाहिरातीचं मला जमत नाही, पण खोट्या काळाच्या जाहिराती करायला भलत्याच जमतात. सहा कूपनं कापून पाठवा आणि 'तांडेलची शिट्टी' मिळवा, अशी एक मागच्या पानावर होती. प्रदर्शनासाठी मग जांभळी नाक्यावरून पत्र्याच्या शिट्ट्यांचा खोकाच आणला. सहावीतल्या एका मुलाने दोन दिवस ती वाजवली आणि शेजारच्या साबणवाल्या ताईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. वाचकांच्या पत्रांचं पानही मीच लिहिते. कल्याणहून एक चिडका मुलगा दर अंकाला लिहितो की तांडेल पोहताना टोपी का काढत नाही. मुखपृष्ठांचे फोटो मी फोनवरून पाठवत असते, खाली 'काल्पनिक' असं स्पष्ट लिहून. गेल्या दिवाळीत त्यांतलंच एक मुखपृष्ठ फिरत फिरत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं. खालची ओळ कुणीतरी कापलेली, वर 'ज्यांना हे आठवतं त्यांचं बालपण श्रीमंत होतं' असं गुलाबाच्या फुलांसकट. बाबांच्या चुलतभावाने लिहिलं, "स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर मिळायचं! भाऊ आणि मी पैसे साठवून घ्यायचो." भाऊ म्हणजे त्यांचे थोरले, बारा वर्षांपूर्वी गेले. खाली अकरा जणांनी हात जोडले. मी काहीतरी टाइप केलं आणि पुसलं. सांगायचं काय होतं? की तुम्ही आणि भाऊंनी पैसे साठवले नव्हते? त्यांनी साठवलेच असतील. कशासाठी तरी साठवले असतील.

मान्य करते, त्या रात्री मला आनंदही झाला होता. कपटी म्हणावा असा. चाळीस वेळा ते मुखपृष्ठ उघडून पाहिलं.

पण आरएमएसचे काका त्या ग्रुपमधले नव्हेत. त्यांनी आधी तारखेनिशी माझी थाप पकडली आणि मग त्याच थापेचा पुढचा भाग मला सांगितला. सातव्या अंकाची गोष्ट अशी आहे: खाडीच्या काठाने, कळव्याच्या बाजूने, रोज रात्री एक दिवा हलतो. तांडेलला वाटतं हा स्मगलरांचा इशारा. तो सात रात्री पाळत ठेवतो, आठव्या रात्री होडी घालतो, दिवा जवळ येतो, दिवा धरणारा हात दिसतो, आणि 'पुढील अंकी समाप्त'. हात मी मुद्दाम असा काढला होता की बाईचा की पुरुषाचा ते कळू नये. तो कुणाचा हे मलाच माहीत नव्हतं. काकांनी त्याच हातावर बोट ठेवलं. "ती रोज उभी असते कंदील घेऊन. याला सगळे अनाथ म्हणतात म्हणून हाही स्वतःला अनाथ समजतो. आणि हा येडा तिलाच पकडायला जातो." मग हसले. "तो पक्षीसुद्धा आधी ओळखतो तिला. तो एका पायावर उभा राहणारा. तो ओरडतच नाही."

पक्षी म्हणजे तांडेलच्या होडीच्या नाळेवर उभा असतो तो रोहित, फ्लेमिंगो. मी लहान असताना नव्हते, पण आता हिवाळ्यात ऐरोलीच्या पुलावरून जाताना गुलाबी पट्टाच दिसतो, म्हणून बिनधास्त काढला होता. प्रदर्शन संपल्यावर, पिनकोडचा धसका घेतल्यामुळे, मी एकेक गोष्ट तपासत बसले तेव्हा कळलं की ठाण्याच्या खाडीत हे पक्षी असे थव्यांनी यायला लागले तेच मुळी नव्वदच्या दशकात. त्यांचं अभयारण्य तर २०१५चं. म्हणजे सदुसष्ट सालच्या चेंदणीच्या पोराला होडीवर बसवायला रोहित मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. पिनकोड पकडणाऱ्या माणसाला पक्षी मात्र लख्ख आठवत होता.

मी त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही कुठले?" "चेंदणीचाच की," ते म्हणाले. "आमचा वडील जायचा होडी घेऊन. तेव्हा मासळी होती खाडीला. आता काय, नाले नि प्लास्टिक." मग त्यांनी मेथी दुसऱ्या हातात घेतली, कारण बायको वाट बघत असेल, आणि अंक टेबलावर ठेवला. विकत घेतला नाही. आतल्या पानावर १८० रुपयांचा स्टिकर होता आणि मुखपृष्ठावर 'किंमत ७५ पैसे', दोन्ही वाचून त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, एवढंच.

हे सगळं त्यांनी रचलं का? माझा खेळ ओळखून, खेळात एक डाव टाकून गेले का? चाळीस वर्षं दुसऱ्यांची पाकिटं खणांत टाकणारा माणूस, कधीतरी न फोडलेल्या पत्रांतले मजकूर मनात रचत असेलच. की त्यांना खरंच वाटलं की हे आपण वाचलंय, आणि वाचलेलं म्हणून जे आठवलं ते बंदरावर पाहिलेलं होतं, कंदील धरलेली कुणी बाई, कुणाची तरी आई? मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, आणि सांगितलंही नाही की हे सगळं मी बनवलंय. विनय वगैरे काही नव्हता तो. मला भीती वाटली की मी बोलले तर ते शेवट परत घेऊन जातील.

आणि तो मी वापरते आहे. हे लिहून टाकलेलं बरं. आठव्या अंकाची चौदा पानं पेन्सिलीत तयार आहेत. मामाकडे जुना कंदील होता तो मागून आणला, त्याच्या काचेवरची काजळी पुसली नाही, खोलीत अंधार करून आईच्या हातात दिला आणि फोटो काढले. आईने विचारलं, किती वेळ धरू? मी म्हटलं, थोडा वर. तिचा हात थरथरायला लागला, मग मी पटकन आवरलं. पेन्सिलीत ती थरथर आलीय. शाईत येईल की नाही माहीत नाही. अडले आहे ते पहिल्या पानावर. तिथे 'कथा व चित्रे' असं लिहून पुढे माझं नाव यायला हवं. चित्रे माझी. 'कथा' या शब्दापुढे मी दोनदा नाव लिहून दोनदा खोडलंय. मागच्या दोन्ही रविवारी चेंदणीत जाऊन आले. बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत दोघातिघांना विचारलं, पोस्टात होते ते काका. एकाने विचारलं, "नाव काय?" मी ते विचारलेलंच नव्हतं.

प्रदर्शनाच्या त्या रात्री गठ्ठे खोक्यात भरताना एक गोष्ट मात्र सापडली. त्यांनी खाली ठेवलेल्या अंकाच्या शेवटच्या पानावर, पत्त्यातल्या ४०० ६०१वर, निळ्या बॉलपेनने एक सरळ रेघ मारलेली होती. पट्टी लावल्यासारखी. शेजारी काही लिहिलेलं नाही, नुसती रेघ, पत्ता बदललेल्या पाकिटावर मारतात तशी. मी साबणवाल्या ताईंशी बोलत होते तेव्हा मारली असावी. म्हणजे खिशातलं पेन काढून, टोपण उघडून, वाकून.

परवा नेरूळला एक छोटं प्रदर्शन होतं. सातव्या अंकाची नवी छपाई नेली होती, पत्ता फक्त 'ठाणे', पक्षी आहे तसाच. कॉलेजातली एक मुलगी सगळे गठ्ठे चाळत होती. खालून तिने नेमकी ती रेघेची प्रत ओढून काढली. मी ती टेबलावर का आणली होती देव जाणे. तिने रेघेवरून अंगठा फिरवला, प्रत उलटीसुलटी केली. "ही खरी जुनी आहे ना? ही कितीला?"

"ती विकायची नाहीये," मी म्हटलं. "ती एका काकांची आहे. न्यायला येणार आहेत."